मैदा नाही, अंडं नाही, वीज नाही आणि उद्या वाढदिवस

अबोलीचा वळेसर | शनिवार, संध्या. ६.५०

मंडळी, घाईत लिहितेय, बॅटरी ३४ टक्के उरलीय. गोव्यात माशेलच्या बाजूला आमच्या वाड्यावर दुपारी साडेबाराला वीज गेली ती गेलीच. रस्त्यावर आंबा आडवा झालाय. उद्या धाकट्याचा नववा वाढदिवस. केक फोंड्याहून यायचा होता, पण ते म्हणतात गाडी सुटणार नाही, उद्या दुपारनंतर बघू. आणि चार वाजता पोरं दारात हजर!

घरात आहे ते असं: रवा अर्धा किलो (जाडा), कणिक, तांदळाचं पीठ, साधा गूळ, थोडा माडाचा गूळ, नारळ हवे तेवढे, कालचं दही, खोबरेल, वाटीभर तूप, काजू, जायफळ आणि एका डबीत खायचा सोडा, तो कधी आणला ते देवाला ठाऊक. मैद्याचा डबा उघडला तर आत टोके फिरताहेत. अंडी श्रावणामुळे नाहीत, आणि असती तरी सासूबाईंनी घरात फोडू दिली नसती. ओव्हन विजेचा, म्हणजे सध्या कपाट.

सासूबाई म्हणतात, 'परसात तवसं लोंबतंय, तवसळी कर.' (तवसं म्हणजे मोठी काकडी, तवसळी म्हणजे तिचा रवा-गुळाचा गोड पदार्थ.) चिरंजीव म्हणतात, तवसळी म्हणजे केक नव्हे. त्याला सुरीने कापता येईल आणि मेणबत्ती उभी राहील असं काहीतरी हवंय.

एक कबुली आधीच देते. दोन वर्षांपूर्वी मैद्याच्या जागी तेवढीच कणिक, लोण्याच्या जागी तेवढंच तेल आणि दोन अंड्यांच्या जागी दोन केळी, असा हिशेबी केक केला होता. घरात अजून त्याला 'चिरा' म्हणतात. कंपाउंडाला लावायचा तो.

खडीसाखर | ७.०२

शिरा करा, मुदीसारखा ताटात उपडा करा, मेणबत्ती खोचा. हाय काय नाय काय.

(गंमत केली हो. कालचं दही फ्रिजबाहेर आहे ना? असू दे, आंबट झालेलंच कामाचं.)

पणजीहून पुण्यात | ७.१०

ताई, मिल्कमेड आणि फ्रूट सॉल्ट आहे का? असेल तर प्रश्नच मिटला. फक्त फ्रूट सॉल्ट बिनवासाचं घ्या. मी एकदा लिंबाच्या वासाचं घातलं होतं, चॉकलेट केकाला अपचनाच्या औषधाचा वास. नवरा म्हणाला, जेवण आणि औषध एकदमच झालं.

अबोलीचा वळेसर | ७.१४

मिल्कमेड असतं तर धागा कशाला काढला असता गो?

मास्तर | ७.२५

वळेसरताई, तुमचा चिरा का झाला ते आधी बघू, म्हणजे उद्या दुसरा होणार नाही. (३१ वर्षं नववी-दहावीला रसायनशास्त्र शिकवलं, सवय जात नाही.)

डब्यातली वस्तू नाही म्हटल्यावर आपण तिच्यासारखी दिसणारी दुसरी शोधतो. ती वस्तू केकात काय काम करत होती, ते विचारायला हवं. लोण्यात साधारण ८० टक्के स्निग्ध असतं, बाकी बहुतेक पाणी. तेल आणि तूप म्हणजे जवळजवळ सगळंच स्निग्ध. म्हणून कपभर लोण्याऐवजी पाऊण कप तेल घ्यायचं आणि उरलेल्या पाव कपाच्या जागी दूध किंवा पाणी. तुम्ही कपभर तेल ओतलंत, केक तेलकट बसला. कणकेत कोंडा असतो, तो मैद्यापेक्षा जास्त पाणी पितो. तुम्ही पाणी वाढवलं नाही, कोरडा झाला. अंडं दोन कामं करतं: बांधतं आणि फुगवतं. केळं बांधतं, फुगवत नाही. म्हणजे फुगवायचं काम कुणाकडेच नव्हतं.

आता सोडा. लिंबाचे चार थेंब टाका चिमूटभर सोड्यावर. जोरात फसफसला तर जिवंत आहे. बेकिंग पावडर असती तर नुसत्या गरम पाण्यात तपासता आली असती, कारण तिच्यात आम्ल आधीच मिसळलेलं असतं. सोड्याला आम्ल बाहेरून द्यावं लागतं. ते दिलं नाही तरी उष्णतेने तो फुटतो, केक फुगतोही, पण मागे धुण्याच्या सोड्यासारखा क्षार राहतो आणि खाताना साबण चावल्यासारखं वाटतं. पुष्कळांच्या घरच्या केकाला ती चव असते आणि कुणी बोलत नाही.

माप: २४० मिलीच्या एका कपभर पिठाला पाव चहाचा चमचा सोडा. आणि अर्धा चमचा सोडा पचवायला कपभर आंबट दही, किंवा एक मोठा चमचा लिंबाचा रस नाहीतर व्हिनेगर.

भिरंडसोल | ७.३८

मास्तर म्हणतात ते आम्ल नीट निवडा हो. लॉकडाऊनमध्ये माझ्याकडे लिंबू नव्हतं, दही नव्हतं, पण आगळाची (कोकमाच्या रसाची) बाटली होती. म्हटलं भिरंड (कोकम) काय कमी आंबट? घातलं दोन चमचे. पीठ आधी छान गुलाबी. सोडा पडला आणि डोळ्यांदेखत ते राखाडी-निळं झालं, मेलेल्या मोरी माशाच्या कातडीसारखं. वर आगळ मिठाचं असतं हे विसरलेच. भाजून झाल्यावर धाकटी म्हणाली, 'आई, ह्याला बुरशी आलीय.' आली नव्हती. पण खाल्लाही नाही कुणी.

मास्तर | ७.४४

भिरंडाचा रंग जांभळाच्या नि जास्वंदीच्या जातीचा. आम्लात लाल, क्षारात निळा-हिरवा. नववीच्या मुलांना जास्वंदीच्या पाकळ्यांवर मी हेच दाखवत असे. तुम्ही केकाचा लिटमस कागद केलात.

काणकोणकर | ७.५०

ताई, माझं ऐका. तुमच्या डब्यांत जे आहे त्याचा केक गोव्यात कधीपासून होतो. बातिक! रवा आणि नारळ. मैदा त्यात नसतोच, किंवा नावाला. आमच्या शेजारच्या मावशी नाताळात करायच्या, अंडी घालून अर्थात. अंड्यांच्या जागी दही गेलं तर जरा भरड होईल, पण बातिक मुळातच भरड असते, कुणाला कळणार नाही. मैद्याच्या केकात अंडं नसलं की लगेच उघडं पडतं. रव्यात खपून जातं.

माझं प्रमाण: रवा २ कप, ओला नारळ बारीक वाटून १ कप, गूळ चिरून १ कप (गोड खाणारे असाल तर सव्वा), आंबट दही १ कप, तूप आणि खोबरेल मिळून अर्धा कप, जायफळ, चवीला मीठ, लागेल तसं दूध किंवा नारळाचा रस. सोडा अर्धा चमचा, पण आत्ता नाही! रवा आज रात्री दह्यात भिजत ठेवा. सोडा उद्या, भांडं आचेवर जायच्या क्षणी.

रवा भिजवणं टाळू नका. जाडा रवा लगेच भाजला तर केक दाताखाली वाळू लागतो आणि सुरी लावली की ढासळतो.

सुंगटां श्रावणात बंद | ७.५८

अंडं नाही तर त्याला केक म्हणू नये. नाव बदला. रव्याचा गोड ढोकळा म्हणा.

खडीसाखर | ८.०१

श्रावणात सुंगटां (कोळंबी) मिळेनात म्हणून लोक अंड्यावर राग काढतात असं ऐकलं होतं, आज पाहिलं.

पणजीहून पुण्यात | ८.०४

काणकोणकर, वीज नसताना भाजायचं कशात ते कोण सांगणार?

काणकोणकर | ८.१५

तेच लिहीत होतो. कुकरची शिट्टी आणि रिंग काढून, तळाला मीठ पसरून करतात सगळे. मीही केलंय. पण कोरडा कुकर तासभर तापवणं मला स्वतःला पटत नाही, ॲल्युमिनियमचा बूड वाकडा होतो. त्यापेक्षा जाड बुडाचं जुनं पातेलं किंवा बिडाची कढई घ्या. तळाला दीड-दोन वाट्या जाडं मीठ किंवा धुऊन वाळवलेली रेती, वर जाळी, गच्च झाकण, मध्यम आचेवर दहा मिनिटं तापू द्या, मग केकाचं भांडं आत आणि आच बारीक. पाणी नाही घालायचं. पहिली ३५ मिनिटं झाकण उघडायचं नाही. ५० मिनिटांच्या आसपास सुरी खुपसून बघा. तेच मीठ डबीत भरून ठेवा, पुढच्या वेळी चालतं. आमटीत नको.

तोटा एकच: वरून ऊब नसते, त्यामुळे वरचा भाग पांढुरका, घामेजलेला राहतो. झाकणाला फडकं बांधा म्हणजे वाफेचे थेंब पडणार नाहीत.

अबोलीचा वळेसर | ८.४०

बॅटरी २१. सोडा जिवंत आहे!! फसफसून बशीबाहेर आला. रवा भिजवला. मी मोबाईलमधून हे सगळं मोठ्याने वाचत होते, सासूबाई माजघरात वाती वळत ऐकत होत्या. 'वरून ऊब नाही' इथे थांबल्या नि म्हणाल्या, 'न्हाणीच्या चुलीतले इंगळ कोणासाठी ठेवलेत मग?'

त्या तवसळी तशीच करायच्या म्हणे. पातेल्यात हळदीचं पान, त्यावर मिश्रण, वर पितळी ताट आणि ताटात करवंट्यांचे निखारे. मी लग्न होऊन आल्यापासून तवसळी फक्त वाफवलेली पाहिलीय. गॅस आला नि वरचे निखारे गेले, असं त्यांचं म्हणणं. बारा वर्षांत मला हे कधी सांगितलं नाही. मी कधी विचारलंही नाही, ते खरं.

पणजीहून पुण्यात | ८.४७

आई गं. आमच्याकडे पेडण्याला आजी असंच करायची, आता आठवलं. पुण्यात निखारे कुठून आणू? सोसायटी हाकलून देईल.

रेंदेर नव्हे | ९.०५

बिबिंक, आपली थरांची मिठाई, ती तर सगळी वरच्या निखाऱ्यावरच होते ना. एक थर ओतायचा, वरून भाजायचा, तूप सोडायचं, पुढचा थर. सात थर तरी हवेत. खालून आच लावली तर पहिला थर सातव्याच्या आधी कोळसा होईल. २०२३ मध्ये बिबिंकेला भौगोलिक मानांकन मिळालं, पण दुकानात मिळते तिच्यात तो करवंटीचा धूर नसतो.

आणि टंचाईचंच म्हणाल तर जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठाची गोष्ट सांगतात. तिथल्या नन कपड्यांना खळ करायला अंड्याचा पांढरा वापरायच्या, पिवळे बलक उरायचे, त्या बलकांची बिबिंक झाली. खरं-खोटं त्यांनाच ठाऊक, पण बिबिंकेत बलकच का, हे त्यातून बरं कळतं.

सुंगटां श्रावणात बंद | ९.११

धागा अंडं नसलेल्या केकाचा आणि तुम्ही डझनभर बलकांची गोष्ट सांगताय. श्रावणात. पाप लागेल.

भिरंडसोल | ९.१६

यीस्ट नसताना पाव कसा करायचा हेही कुणी सांगा ना, धागा चाललाच आहे तर. आमचा पोदेर (पाववाला) दोन दिवस आलेला नाही, सायकलचा पों-पों ऐकायला कान आसुसलेत.

रेंदेर नव्हे | ९.३०

पूर्वी पोदेर पावात यीस्ट घालत नव्हते, माडाची सूर (ताडी) घालायचे. ताडीत रानटी यीस्ट असतंच. सान्नां (आपल्या इडलीसारखी) त्यावरच फुगतात. पण ताजी सूर आज मागून मिळत नाही, माडावर चढणारे रेंदेर उरलेत किती? (माझ्या नावावरून गैरसमज नको, मला स्टुलावर चढलं तरी गरगरतं.)

सूर नसेल तर आंबलेलं इडलीचं पीठ. दोन कप कणकेला अर्धा कप, साखर, मीठ, कोमट पाणी. पावसात सात-आठ तास तरी लागतात. पाव हलका होत नाही, पण पोळीच्या जवळ जातो. आपली पोदेराची कोंड्याची पोळी म्हणतोय हां, पुणेकरांनो, तव्यावरची नव्हे. ती तशीही आतून पोकळ नि बाहेरून चिवट असते, त्यामुळे फसली तरी फसली म्हणता येत नाही.

मास्तर | ९.४२

इडलीच्या पिठात फुगवणारे जीवाणू जास्त, यीस्ट कमी. म्हणून आंबटपणा लवकर येतो. फार वेळ ठेवू नका, नाहीतर पाव नव्हे, आंबोळी होईल.

वळेसरताई, एक राहिलं. गुळात आम्लाचा अंश असतो, आणि सोड्यात तो चांगलाच काळपट होतो. केक तपकिरी दिसला तर करपला समजून लवकर काढू नका. सुरी काय सांगते ते ऐका. माडाचा गूळ घातलात तर आणखी काळा.

खडीसाखर | ९.५०

काळा झाला तर चॉकलेट केक म्हणून सांगा पोरांना. सगळे प्रश्न सुटतात.

अबोलीचा वळेसर | रविवार, संध्या. ७.२०

वीज आली. बॅटरी पूर्ण. आता सविस्तर.

सकाळी सहाला बघितलं तर रव्याने सगळं दही पिऊन टाकलेलं, मिश्रण शिऱ्याएवढं घट्ट. नारळाचा रस काढला, पाऊण कप गेला. गूळ आधी रसात विरघळवून गाळला. (गाळा हो, गुळात हमखास काडी निघते.) निम्मा माडाचा गूळ घातला. खोबरेल तीन भाग, तूप एक भाग. तूप वाटीभरच होतं आणि समईलाही हवं होतं.

सोडा घालण्याआधी पातेलं तापवून ठेवलं. तरी माझी घाई झालीच. सोडा पडला की पीठ हलकं होतं, चमच्याखाली सुर्र आवाज येतो, वर बारीक जाळी दिसते, आणि आपण बघतच राहतो. सासूबाई ओरडल्या, 'बघत्यें काय, घाल आत!'

गॅसच्या बारीक आचेवर खालून. वर पितळी ताट, त्यात न्हाणीतले निखारे. निखारे ताटभर पसरायचे नाहीत, कडेला जास्त, मध्ये विरळ. हे त्यांनी चिमट्याने मला करून दाखवलं. का, तर मध्याला फुगायला वेळ लागतो, तिथे आधीच कवच धरलं तर केक कडेने फुगतो आणि मधून फुटतो. मास्तर, हे तुमच्या पुस्तकात आहे का?

काणकोणकर, ३५ मिनिटं झाकण उघडू नका म्हणालात. मी उघडलं विसाव्या मिनिटाला. ताट उचलताना एक निखारा आत पडला, बरोबर मधोमध. चमच्याने काढला. तिथे आठाण्याएवढा खड्डा.

५५ मिनिटांनी सुरी कोरडी आली. रंग मधाचा, कडा गडद. थंड होईपर्यंत हात लावायचा नाही असं ठरवलं होतं, पण कोपरा मोडून खाल्लाच. भरड आहे, ओलसर आहे, खोबरं दाताखाली येतं, साबण अजिबात नाही. खाली जरा लागलाय, पण तो लागलेला भागच नवऱ्याने खरवडून संपवला.

आणि त्या खड्ड्यात मेणबत्ती बरोब्बर उभी राहिली.

पोरांना काजूचा ९ काढून दिला होता. चिरंजीवांनी मित्रांना सांगितलं, 'आज्जीने आग लावून केक केला.' दुसऱ्या खेपेला तुकडे उरले नाहीत. फोंड्याचा केक साडेपाचला आला, तो फ्रिजमध्ये आहे, उद्या शाळेत वाटेल.

सुंगटां श्रावणात बंद | ७.२८

अंडं नसतानाही केक म्हणायला हरकत नाही. शब्द मागे घेतो. गणपती झाले की तुकडा पाठवा.

मास्तर | ७.३५

माझ्या पुस्तकात नाही. सासूबाईंना नमस्कार सांगा. त्यांनी कडेला निखारे का ठेवले त्याचं कारण त्यांनीच सांगितलंय ते पुरेसं आहे. मी फक्त एवढंच जोडेन की कडेला भांड्याची भिंतही तापलेली असते, त्यामुळे खरं तर कडा आधी शिजायला हव्यात. मग निखारेही तिकडेच का? उद्या मी घरी दोन्ही प्रकारे करून बघणार आहे.

अबोलीचा वळेसर | ७.४१

विचारलं मास्तर. त्या म्हणाल्या, 'मास्तरांक सांग, ताट जुनं आहे, मधे पातळ झालंय.'

भिरंडसोल | ७.४४

:))

पणजीहून पुण्यात | ७.५०

ताई, तवसं अजून लोंबतंय का परसात? प्रमाण टाका तवसळीचं. इथे मंडईत मोठी काकडी मिळते.

अबोलीचा वळेसर | ८.०५

लोंबतंय. किसलेलं तवसं दोन कप, आधी चावून बघ कडू आहे का. रस पिळू नकोस, रवा त्याच पाण्यात भिजतो. जाडा रवा सव्वा कप भाजून, गूळ कपभर, ओलं खोबरं अर्धा कप, मीठ, वेलची. सोडा नाही, दही नाही. हळदीचं पान मिळालं तर तळाला.

पणजीहून पुण्यात | ८.०९

रवा तुपात भाजायचा की कोरडा?

अबोलीचा वळेसर | ८.१२

कोरडा. थांब, विचारून सांगते.